बाई, त्या दिवशी चिन्ह चुकलं होतं

बाई,

परवा अकरावी कॉमर्सच्या बॅचला सरळ रेषेचा धडा सुरू करायचा होता. समीकरणावरून रेषेचा चढ काढणे. पाच वाजता पोरं येऊन बसलेली, वह्या उघडलेल्या. मी खडू हातात घेतला, फळ्यावर तारीख टाकली आणि म्हटलं, आज मला बरं वाटत नाहीये, घरी जा. पोरांना काय, आनंदच. दोन मिनिटांत वर्ग रिकामा. मी पहिल्या बाकावर तशीच बसून राहिले. खालच्या फरसाणवाल्याच्या कढईचा वास वर येत होता. तुम्हाला तो वास सहन व्हायचा नाही. शिकवता शिकवता पदर नाकाला लावायचात आणि पदराआडूनच पुढचं बोलत राहायचात.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुमच्याबद्दल लिहिलं. तुमचा निरोप समारंभाचा फोटो फिरतोय, तो निळ्या साडीतला. मी एक ओळ लिहिली नाही. कुणीतरी विचारलंसुद्धा, संध्या, तू तर बाईंच्या सगळ्यात जवळची, तू गप्प कशी? काय सांगू? मला जे लिहायचंय ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही. ते फक्त तुम्हाला सांगायचंय, आणि सांगायची वेळ मी घालवून बसलेय.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. चेंदणी कोळीवाड्यातली, मराठी माध्यमातली, दहावीला गणितात काठावर सुटलेली. अकरावी कॉमर्सला गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो असं कळलं, म्हणून फॉर्म बदलून घ्यायला ऑफिसबाहेर उभी होते. तुम्ही तिथून चाललेलात. हातातला कागद बघितलात.

"का गं?"

"गणित जमत नाही, बाई."

"गणित जमत नाही असं काही नसतं. त्यातली एखादी पायरी जमत नसते. कुठली?"

मी हातातला फॉर्म उलटसुलट करायला लागले.

"मग आठ दिवस थांब. कुठली पायरी ते सापडू दे, मग खुशाल बदल फॉर्म."

सापडायला चार दिवस लागले. समीकरणात आकडा इकडून तिकडे नेला की चिन्ह बदलतं, एवढंच मला सातवीत कुणीतरी सांगितलेलं. का बदलतं ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी कधी बदलायचे, कधी विसरायचे, कधी दोनदा बदलायचे. तुम्ही माझ्या वहीवर बोट ठेवून विचारलंत, "इकडून तिकडे नेलं म्हणजे काय? आकड्यांना पाय असतात? का तू चोरून नेतेस?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण तुमच्या आवाजात टोचणारं काही नव्हतं. मग तुम्ही मला बरोबरच्या चिन्हाची डावी बाजू दाखवलीत, उजवी बाजू दाखवलीत. दोन्ही सारख्या आहेत ना, मग एका बाजूतून काही काढलंस तर दुसरीतूनही तेवढंच काढ, नाहीतर सारख्या कशा राहतील? एवढंच होतं ते. दहा वर्षं शाळेत जाऊन हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे वर्षभर तुम्ही मला प्रत्येक ओळीपुढे लिहायला लावलंत, 'दोन्ही बाजूंतून तीन एक्स वजा केले', 'दोन्ही बाजूंना दोनने भागले'. माझी वही बघून बाकीच्या पोरी म्हणायच्या, ही गणिताची आहे का मराठीची?

आणि मग रेषेचा चढ. तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर बारा. "वायला एकटं पाड," तुम्ही म्हणायचात. दोन्ही बाजूंतून तीन एक्स वजा. दोन वाय बरोबर उणे तीन एक्स अधिक बारा. दोन्ही बाजूंना दोनने भाग. वाय बरोबर उणे तीन छेद दोन एक्स, अधिक सहा. वाय एकटा राहिला की एक्सच्या शेजारी जो उभा आहे तो चढ. उणे तीन छेद दोन. म्हणजे उजवीकडे दोन पावलं गेलीस तर तीन पावलं खाली उतरशील. हे ऐकताना मला पहिल्यांदा समीकरणामागे रस्ता दिसला, बाई. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. असं काही बोलायची आपल्यात पद्धत नव्हती.

फॉर्म बदलायचा राहून गेला. बारावीला गणितात ब्याऐंशी आले. माझ्या आईला गणितातलं काही कळत नव्हतं, पण ती पापलेट घेऊन तुमच्याकडे कोपरीला आली आणि तुम्ही ब्राह्मण असल्याचं दारात आठवून तशीच परत निघाली. तुम्ही तिला जिन्यावर गाठून वर आणलंत, चहा पाजलात, आणि पापलेट शेजारणीला देऊन तिच्याकडून डबा धुऊन आणलात. आई पुढे कितीतरी दिवस ते सांगायची.

मी बी.कॉम. केलं, लग्न होऊन डोंबिवलीला आले, क्लास काढला. तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी मी विचारलं, बाई, आठवड्यातून तीन दिवस याल का? तुम्ही लगेच हो म्हणालात. चार वर्षं आलात. ठाण्याहून संध्याकाळी डोंबिवलीला येणारी माणसं दमून येतात. तुम्ही मात्र दुपारी झोप काढून, केसांना तेल लावून, अशा ताज्यातवान्या यायचात की पोरं विचारायची, बाई, आज काही आहे का? तुम्ही म्हणायचात, आहे ना, वर्तुळ आहे.

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी छापलेल्या नोट्समध्ये एक चौकट केलेली. ए एक्स अधिक बी वाय अधिक सी बरोबर शून्य, तर चढ बरोबर उणे ए छेद बी. ठळक अक्षरात.

"हे काय आहे?"

"सूत्र आहे, बाई. पोरांना पाठ करायला बरं."

"आणि समीकरण दोन वाय बरोबर तीन एक्स अधिक पाच असं आलं तर?"

"तर आधी सगळं एका बाजूला आणायचं."

"ते लिहिलंयस कुठे? पोरगं तीन बघेल, दोन बघेल, उणे तीन छेद दोन लिहून मोकळं होईल. रेषा चढतेय वर आणि हे सांगणार खाली उतरते."

"बाई, परीक्षेत एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं."

"मग दीड मिनिटात चुकायला शिकव."

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर चाळीसच्या चाळीस प्रतींतली ती चौकट तुम्ही लाल पेनाने काट मारून ठेवलेली. पट्टी लावून, व्यवस्थित. मी इतकी चिडले की दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. मग हट्टाने टेस्टमध्ये तेच गणित घातलं. अर्ध्याहून जास्त पोरांनी उणे तीन छेद दोन लिहिलं. मी पेपर कपाटात ठेवून दिले, तुम्हाला दाखवले नाहीत. तुम्हाला पोरांकडून कळलं. तुम्ही मला काही बोलला नाहीत, फक्त माझ्या टेबलावर एक लाल पेन आणून ठेवलंत. नवीन, टोपण लावलेलं.

तरी पुढच्या वर्षी मी चौकट परत छापली. तुम्ही परत काट मारलीत. हे असं चाललं होतं, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं. माझं कोणी इतकं बारकाईने वाचत नव्हतं.

पण पालकांचे फोन येत होते, बाई. हे तुम्हाला मी कधी कळू दिलं नाही. बाजूच्या क्लासचा सिलॅबस संपत आला आणि आपल्याकडे एका प्रकरणावर दोन आठवडे. मॅडम, त्या वयस्कर बाई फार स्लो शिकवतात. मॅडम, तुम्ही स्वतः का घेत नाही? मी बघते म्हणायचे आणि फोन ठेवायचे. तुमच्याशी बोलायची छाती होत नव्हती. माझ्या क्लासचं नाव व्हायला लागलेलं. नाव जायला किती वेळ लागतो ते डोंबिवलीत मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही स्वतःहून थांबलात तर बरं, असं माझ्या मनात यायला लागलं. आधी कधीतरी, मग रोज.

गेल्या श्रावणात सुरू झालं. तुम्ही रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणालात आणि हात उजवीकडे दाखवलात. तो वैतागला. मी हसले, तुम्हीही हसलात. एकदा उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालून जिना उतरलात. हजेरी घेताना छत्तीसनंतर चौतीस म्हणालात. वय झालं म्हणून मी सोडून दिलं. तुमचं वय तरी काय होतं, बासष्ट.

मग तो गुरुवार. मी हजेरीचा कागद घेऊन वर्गाच्या दारात उभी होते. तुम्ही फळ्यावर लिहिलेलं, तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर बारा. त्याखाली लिहिलंत, दोन वाय बरोबर तीन एक्स अधिक बारा. त्याखाली, वाय बरोबर तीन छेद दोन एक्स अधिक सहा. चढ, तीन छेद दोन.

पहिल्या बाकावरच्या तन्वीने हात वर केला. "बाई, मायनस येईल ना?"

"कुठे?"

"तिथे, थ्री एक्सच्या आधी."

तुम्ही फळ्याकडे वळलात. बराच वेळ बघत राहिलात. खडूचा हात त्या ओळीपर्यंत गेला, थांबला, परत खाली आला. मग म्हणालात, "हे उजवीकडे आहे ना? मग बरोबर आहे."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. बाई, ती नजर मला तेव्हाच कळली होती. वर्गात उत्तर न आलेलं मूल शेजारच्याकडे जसं बघतं, तशी होती ती. तीस वर्षं तुम्हाला ओळखत होते, अशी नजर कधी बघितली नव्हती.

मी म्हटलं, "तन्वी, बस खाली. नंतर बघू."

तुम्ही जिना उतरत होतात तेव्हाच मी फळा पुसला. बरोबर उत्तर लिहिलं आणि पोरांना उतरवून घ्यायला लावलं. आणि ते करताना मला वाईट वाटत नव्हतं. हे लिहायलाच मी बसलेय. मला हायसं वाटत होतं. आता कारण मिळालं, असं वाटत होतं. पालकांचं नाव घ्यायला नको, स्लो म्हणायला नको. बाईंच्या चुका होतायत, बाईंनी थांबलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात तुमच्या आणखी दोन चुका झाल्या. दोन्ही चिन्हाच्या. मी मुद्दाम दारात उभी राहून बघत होते.

शनिवारी मी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. केबिन कसलं, फळी लावून आडोसा केलेला कोपरा. मी पाठ करून ठेवलेलं बोलले. "बाई, या टर्मपासून अकरावीची बॅच मीच घेईन म्हणतेय. टाइमटेबल बदलतंय. आणि तुम्हालाही एवढं लांब यायचा त्रास."

"मला कसला त्रास?"

"तसं नाही, पण..."

तुम्ही चष्मा काढलात. पदराने पुसलात. परत घातला नाहीत, हातातच धरलात.

"संध्या, एक खरं सांग. फळ्यावर माझं काही चुकतंय का?"

बाहेर पोरांचा गोंगाट होता. मला वेळ होता. विचार करायला, तोंड उघडायला, सगळ्याला वेळ होता.

"नाही हो बाई. तुमचं काय चुकणार?"

"नक्की?"

"नक्की."

तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला वाटलं, बाईंना लागलं नाही, बरं झालं. तुम्ही म्हणालात, "मग ठीक आहे. तू घे बॅच." आणि हसलात. बाहेर पडून जिन्याशी आलात आणि खाली उतरायच्या ऐवजी गच्चीच्या बाजूला चार पायऱ्या चढून गेलात. मी हाक मारली. तुम्ही स्वतःवरच हसत परत फिरलात.

नंतर मी तुम्हाला गणपतीत एक मेसेज पाठवला, दिवाळीत एक. फोन केला नाही. कामं होती. पण कामं नसती तरी केला नसता.

मार्गशीर्षात तुमच्या घरून काकांचा, तुमच्या यजमानांचा, फोन आला. भाजी चिरताना तुम्हाला फिटचा झटका आला, पडलात, ठाण्यातल्या हॉस्पिटलात ठेवलंय. मी पोचले तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात, कपाळाला टाके. काका पलंगाशी उभे, वागळे इस्टेटमध्ये लेथवर तीस वर्षं उभे राहिलेला माणूस, तसाच दोन्ही हात पुढे धरून उभा, जणू पकडायला काहीतरी हवं होतं. मेंदूत गाठ होती. डाव्या बाजूला, कानाच्या वर, जरा मागे. तरुण डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन गेला आणि समजावून सांगायला लागला. त्या जागी आकड्यांचं काम चालतं म्हणाला. डावं-उजवं कळणं, बोटांची नावं, बेरीज-वजाबाकी. तिथे गाठ वाढली की हे आधी जातं, बोलणं बरेच दिवस चांगलं राहतं, त्यामुळे घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

मी विचारलं, "कधीपासून असेल?"

"सहा-आठ महिने तरी. त्या टीचर होत्या ना? शिकवताना चुका व्हायला लागल्या असतील. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

काका म्हणाले, "नाही हो."

डॉक्टर पुढे म्हणाला, चार महिने आधी आला असतात तर गाठ लहान असती, बरीचशी काढता आली असती. आजार बरा झाला असता असं नाही, पण दिवस मिळाले असते. किती, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ऑपरेशननंतर मी दर रविवारी कोपरीला यायचे. तुम्हाला वाटायचं माझी माया आहे. होती, बाई. पण नुसती माया दर रविवारी येत नाही.

तुम्ही डोक्याला रुमाल बांधून बसायचात आणि डॉक्टरने घेतलेली परीक्षा रंगवून सांगायचात. "मला म्हणाला, करंगळी दाखवा. मी दाखवली. तो म्हणे हा अंगठा आहे. मी म्हटलं, अरे, तुझा असेल!" मी हसायचे. तुम्ही हसताना स्वतःच्या हाताकडे बघायचात, बोटं एकेक करून हलवायचात, आणि मग हसू जायचं.

एका रविवारी तुम्ही वही आणायला सांगितलीत. मी तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर बारा लिहून दिलं. का तेच लिहिलं मला माहीत नाही. हाताला तेच आलं. तुम्ही पेन्सिल टेकवून बसलात. दहा मिनिटं. शेवटी म्हणालात, "सगळं दिसतंय गं. हा एक्स, हा वाय. पण वजा म्हणजे काय करायचं तेच आठवत नाही. शब्द आठवतो. वजा. पण करायचं काय?"

"राहू दे, बाई."

"राहू दे काय? तुझं ते सूत्र सांग. चौकटीतलं."

मी वही मिटायला हात पुढे केला.

"सांग ना. ते तरी पाठ होईल."

"उणे ए छेद बी," मी म्हटलं.

"उणे ए छेद बी. उणे ए छेद बी." पाढा म्हणावा तसं चार-पाच वेळा म्हटलंत. मग थांबलात. माझ्याकडे बघून विचारलंत, "पण का?"

मी सांगायला लागले. तुमच्याच शब्दांत, तुमच्याच पायऱ्यांनी. दोन्ही बाजूंतून ए एक्स वजा केले. तुम्ही मान हलवत होतात. दोन्ही बाजूंना बीने भागलं. इथवर येईपर्यंत तुमची मान हलायची थांबली. डोळे माझ्या तोंडावर होते, पण मी दिसत नव्हते. मग तुम्ही वही इतक्या जोरात ढकललीत की ती पलंगाखाली गेली. काका आतून धावत आले. तुम्ही रडत नव्हतात. तुम्ही म्हणत होतात, "हिला जाऊ दे. हिला आज जाऊ दे."

त्या दिवशीही मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. तुम्हाला आणखी त्रास नको, असं मनाला समजावलं. मनाला काहीही समजावता येतं.

पुढच्या दोन महिन्यांत शब्दही गेले. शेवटच्या रविवारी मी तुम्हाला मऊ भात भरवला. तुम्ही तोंड उघडायचात, मिटायचात, माझ्याकडे बघायचात. ओळख होती की नव्हती, मला कळलं नाही. मंगळवारी सकाळी काकांनी फोन केला आणि फोनवर फक्त माझं नाव घेतलं.

तुमच्या तेराव्याला मी आले. जेवणं झाली, आत तुमच्या नणंदा, भाच्या बोलत बसलेल्या. काका मला गॅलरीत घेऊन गेले. खाली रूळ दिसतात तिथे, तुमच्या तुळशीशेजारी.

"तुला एक सांगायचं होतं, संध्या," काका म्हणाले. "तिचा तुझ्यावर फार विश्वास होता गं. श्रावणात मी तिला डॉक्टरकडे न्यायला निघालेलो. मेंदूच्या डॉक्टरकडे. नंबरसुद्धा लावलेला. मला शंका आलेली. चपला उलट्या घालायची, घड्याळात बघून भलतीच वेळ सांगायची. तर म्हणाली, थांबा, आधी संध्याला विचारते. माझ्या डोक्यात काही बिघडलं असेल तर ते आधी फळ्यावर दिसेल, आणि फळ्यावरचं संध्याच्या नजरेतून सुटायचं नाही. मीच शिकवलंय तिला."

मी गॅलरीचा गज धरला.

"त्या शनिवारी घरी आली ती खुशीत. म्हणाली, विचारलं मी. काही चुकत नाही म्हणाली. उगीच घाबरवलंत मला. नंबर रद्द करायला लावलान. संध्याकाळी शिरा केलान." काकांनी खाली रुळांकडे बघितलं. "आता तुला तरी कसं दिसणार म्हणा. तिने सांभाळून घेतलं असेल फळ्यावर. हुशार होती."

ते मला मोकळं करत होते, बाई. तेराव्याच्या दिवशी, तुमचा नवरा, मला मोकळं करत होता. मी हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

मी म्हटलं, "मला दिसलं होतं."

काकांना मशीनच्या आवाजाने कमी ऐकू येतं. त्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

मला परत बोलावं लागलं. मोठ्याने. "मला दिसलं होतं, काका. त्यांचं चुकत होतं. तीन वेळा. मी बघितलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

आतली बोलणी थांबली. मला वाटलं, काका ओरडतील. ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच आलेले बहुतेक.

"तिला नाही सांगवलं, ठीक आहे," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेलेला. "मला तरी एक फोन करायचास गं."

आणि ते आत गेले. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले, आलेल्या माणसाला तसं सोडायची तुमच्या घरची रीत आहे म्हणून. माझ्याकडे बघितलं नाही. मी शेवटची पायरी उतरेपर्यंत दार उघडं होतं, मग कडी लागल्याचा आवाज आला.

बाई, त्या गुरुवारी फळ्यावर चिन्ह चुकलं होतं. उणे राहून गेलं होतं. त्यानंतर दोनदा परत चुकलं. तुम्ही मला विचारलंत त्याचं हे उत्तर आहे. क्षमा मागायची तर तुम्ही असायला हवं होतं, म्हणून ती मागत नाही.

सरळ रेषेचा धडा सोमवारी घेणार आहे. पोरांना किती दिवस थांबवणार?

आणि रोज सकाळी क्लासला निघायच्या आधी मी काकांना फोन करते. तेराव्यापासून करतेय. रिंग पूर्ण वाजते, तुमच्या त्या हॉलमध्ये, शोकेसवर, जिथे तो फोन असतो. ते घरातच असतात. उचलत नाहीत.